राणीचं मुंडकं

तिसगाव, ता. ९ ऑक्टोबर १९४४

प्रिय याकोब,

ताईचा सलाम. दोन महिन्यांत तुझं एक कार्ड आलं. त्यात आईची तब्येत विचारलीस आणि सही ठोकलीस. पुण्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालं की माणसाचा हात आखडतो का रे? आई बरी आहे. दोन्ही वेळा तुझ्यासाठी प्रार्थना करते आणि माझ्या नावानं बोटं मोडते. म्हणते, शाळा सुटली की ही मातीत जाऊन बसते, हिला कोण पदरात घेणार.

मातीत बसते हे खरं आहे. कागद मिळत नाही म्हणून हे पत्र सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहितेय. मागच्या बाजूला चौथीतल्या एका पोरीनं गोदावरी नगरात उगम पाववली आहे, तिकडे बघू नकोस. इकडे बघ.

मिशनच्या बोर्डिंगमागं निवडुंगाच्या कुंपणाशी धान्य वेचणाऱ्या काळ्या मुंग्यांची बिळं आहेत. बाजरीची कुसळं बाहेर टाकून दाराभोवती गोल ढीग करतात त्या. दोन वर्षं मी त्यांच्या नोंदी ठेवतेय. मे महिन्यात आला होतास तेव्हा तू आणि आई मिळून हसला होतात. आता हस.

शनिवारी एक बीळ खणलं. आत त्यांची राणी मेलेली होती आणि तिच्याजवळ दुसरीच एक राणी, जिवंत. अंगानं लहान, कामकऱ्यांपेक्षा थोडीच मोठी, तेल चोळल्यासारखी चकचकीत. जबडे इतके दुबळे की बाजरीची कणीसुद्धा तिला फुटेना. कामकरी मुंग्या तिच्या तोंडात घास देत होत्या. तिची पिल्लंही त्याच वाढवत होत्या. आणि त्या पिल्लांत, याकोब, एकही कामकरी नाही! सगळे पंखवाले, राण्या आणि नर. म्हणजे हिच्या वंशात काम करणारं कुणी जन्मालाच येत नाही. झाडावरचं बांडगूळ बघितलंयस, तसंच हे मुंग्यांतलं बांडगूळ.

पण खरी गोष्ट पुढं आहे. शाळेच्या मिससाहेबांचं भिंग मागून आणलं आणि दोघींना शेजारी ठेवलं. कंबरेच्या दोन गाठी सारख्या. मिशांचे सांधे सारखे. हनुवटीखालचे केससुद्धा त्याच वळणाचे. शेजारच्या लाल मुंग्या त्याच मातीत राहतात, पण त्यांच्याशी हिचं काही म्हणता काही जुळत नाही. ही बाहेरून आलेली चोर नाही. ही त्यांच्याच कुळातली आहे. मला वाटतं, कधीकाळी ह्याच मुंग्यांतल्या काही राण्यांनी स्वतःचं घर खणायचं टाळलं आणि बहिणीच्या घरात शिरून बसल्या. त्यांच्या लेकींनी तेच केलं. हजारो पिढ्या असं चाललं, कामकरी जन्माला यायचे थांबले, जबडे झिजले, आणि शेवटी जात निराळी झाली. परजीवीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, तर ज्याच्या घरात ती बसलीय तोच.

हे छापलं गेलं पाहिजे. मिशन दर वर्षी एका शिक्षिकेला बी.एस्सी. पुरी करायला महिला कॉलेजात पाठवतं. अर्जाला स्वतःचं छापील काम जोडलं तर नाव वर लागतं, असं मिससाहेब म्हणाल्या. मुदत जूनअखेर. बाबा गेले तेव्हा दोघांतल्या एकालाच शिकता येणार होतं आणि तू मुलगा होतास. मी इंटरवर कॉलेज सोडलं. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही, आजही काढत नाही. फक्त एवढंच सांगते की मला परत जायचंय. एकोणतीस वय म्हणजे काही म्हातारी झाले नाही मी.

शास्त्राच्या इंग्रजीची घडण मला येत नाही, तुला येते. तू लेख लिही, नोंदी मी देते. नावं दोघांची.

तुझी,
ताई

*

पुणे, ता. २१ ऑक्टोबर १९४४

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मी वर्गावर जाताना उघडलं आणि पोरं बेडूक पुढ्यात घेऊन ताटकळत बसली. कमाल केलीस! आमच्या कॉलेजात दुर्बिणीएवढी सूक्ष्मदर्शकं आहेत आणि असला शोध लागावा तो मागून आणलेल्या भिंगानं!

एक गोष्ट नीट आठव. ट्युनिसच्या वाळवंटातली एक परजीवी राणी यजमान राणीच्या पाठीवर बसते आणि तिचं डोकं कुरतडून धडावेगळं करते, असं मी नुकतंच वाचलं. तुझ्या त्या मेलेल्या राणीचं डोकं धडाला होतं का? ती टाकून दिली नसशील तर भिंगाखाली घाल. आपल्या मुलखात असं कुणी नोंदवलेलं नाही. डोकं तुटलेलं निघालं तर लेखाला फार वजन येईल.

वह्या पाठव. स्पिरिटमध्ये दोनचार नमुने पाठव. लेख मी लिहितो. आणि नावांचं काय विचारतेस, दोघांची, तुझं आधी. मोठी तू आहेस.

आईस सलाम सांग. नाताळला येतोच आहे.

तुझा,
याकोब

*

तिसगाव, ता. ५ नोव्हेंबर १९४४

प्रिय याकोब,

सलाम. राणी काड्यापेटीत होती. उघडली. मुंडकं वेगळं, धड वेगळं! माझ्या हातातलं भिंग पडता पडता वाचलं. तुझं वाचन आणि माझं खणणं अस्सं जुळलं बघ.

आणखी एक केलं. फुटक्या तसबिरीच्या दोन काचा घेतल्या, मधे ओला टीपकागद, वर लाल फडकं, म्हणजे मुंग्यांना अंधार वाटतो आणि मला दिसतं. त्यात लाल मुंग्या ठेवल्या आणि बांडगूळ राणी सोडली. त्यांनी तिचे पाय ओढून तुकडे केले. मग दुसऱ्या बिळातल्या काळ्या मुंग्यांत तिच्याच पिल्लांतली दुसरी राणी सोडली. त्यांनी हुंगलं, थोडं धरलं, सोडलं, आणि तासाभरात तिला भरवायला लागल्या. घरच्या वासावर भुलतात बिचाऱ्या. परक्याला मारतात आणि आपल्यातल्याला भरवतात. नात्याचा याहून काय पुरावा पाहिजे?

वह्या पोस्टात टाकायला माझं मन धजत नाही. सगळी नक्कल करून पार्सल केलंय, ड्रायव्हर छगनकडे दिलंय. पेट्रोल नाही म्हणून कोळशाच्या धुरावर चालणारी त्याची मोटार करंजीच्या घाटात फुसफुसत बंद पडली नाही तर उद्या नगरला स्टेशनात पोचेल. मूळ वह्या माझ्या पेटीत.

नाताळला नक्की ये. आईनं अनारशांचं पीठ आत्तापासून डोक्यात घेतलंय.

तुझी,
ताई

*

तिसगाव, ता. १४ जानेवारी १९४५

याकोब,

नाताळला आला नाहीस. दोन पत्रांना उत्तर नाही. आई दाराकडे बघत बसली आणि अनारसे शेवटी बोर्डिंगच्या पोरींनी खाल्ले. ते जाऊ दे, त्याचं भांडण नंतर. आधी हे वाच आणि जिथं असशील तिथं थांब. लेख पाठवू नकोस. चूक झाली आहे आणि ती माझी आहे.

गेल्या आठवड्यात दुसरं बीळ खणत होते. मिशनच्या वावरात खुरपायला कडूबाई येते, तू तिला ओळखतोस, तुझ्या लहानपणी तुला खांद्यावरून बाजारात न्यायची ती. बांधावर भाकरी खात माझ्याकडे बघत होती. एकदम खो खो हसायला लागली. म्हणाली, "बाई, तुमी खुरपं असं वरनं हानता व्हय? कांद्यात असं हानलं तर मुकादम मला दारात उभी करनार न्हाई. वरनं हानलं की आतलं तुटतंय. बाजूनं घालायचं, माती उचलून धरायची, मग हातानं मोकळी करायची."

मी म्हटलं, मी राणी शोधतेय, मागच्या राणीचं मुंडकं दुसरीनं कुरतडलं होतं. तिनं हात धुतले, काड्यापेटी मागितली, ती राणी तळहातावर घेतली. म्हणाली, "कुरतडलंय कुठं? हे तर सपाट कापलंय. खुरप्याचा घाव हाय ह्यो. हिचं मुंडकं तुमीच तोडलं."

याकोब, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. भिंगातून बघितलं. खरंच सपाट. पहिल्यांदा बघितलं तेव्हाही सपाटच होतं, पण तू विचारलं होतंस ना, तुटलंय का, मग मला तुटलेलंच दिसलं. का तुटलं हे मी माझ्या डोळ्यांना विचारलंच नाही. शाळेत पोरींना रोज सांगते, आधी बघा मग लिहा, आणि स्वतः मात्र आधी लिहून मोकळी झाले!

मग कडूबाईला खणायला बसवलं. बाजूनं. सहा दिवसांत नऊ बिळं. सातांत बांडगूळ राणी सापडली, आणि साती ठिकाणी घरची राणी जिवंत, धडधाकट. ती चकचकीत बया तिच्या पाठीवर बसून असते. मारत नाही. कशी मारील? कामकरी फक्त घरचीच्या पोटी येतात. घरची मेली तर हिला आणि हिच्या पोरांना भरवणार कोण? म्हणून ती घरचीला जगवते. फक्त एक होतं. घरचीला आता पंखवाली लेक होत नाही. कामकरीच होतात, नुसत्या कामकरी. जन्मभर तिनं अंडी घालायची आणि दुसरीचा वंश उडून जाताना बघायचा.

हे पहिल्यापेक्षा भयंकर आहे, आणि खरं आहे. नात्याची गोष्ट तशीच उभी राहते, उलट घट्ट होते. फक्त मुंडक्याचा परिच्छेद काढून टाक आणि हे घाल. आणि कडूबाईचं नाव घालायला विसरू नकोस, तिच्या हातानं हे निघालंय.

ताबडतोब उत्तर दे.

ताई

*

पुणे, ता. २० फेब्रुवारी १९४५

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. परीक्षांच्या धबडग्यात उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. नाताळला यायचं तर विभागप्रमुखांनी ऐनवेळी काम काढलं.

लेख डिसेंबरातच गेला. आता छपाई सुरू आहे, बदल करणं शक्य नाही. तू उगाच जिवाला लावून घेतेस. लेखाचा प्राण नात्याचा मुद्दा आहे आणि तो शाबूत आहे. मुंडक्याच्या परिच्छेदाचं प्रमुखांनी विशेष कौतुक केलं, त्यामुळेच लेख पुढं गेला म्हण ना. एका ठिकाणी असं, दुसऱ्या ठिकाणी तसं, निसर्गात चालायचंच. आणि खरं सांगू का, तिसगावच्या निवडुंगात खणून बघायला कोण येणार आहे?

नवीन नोंदी जपून ठेव. पुढच्या लेखाला कामी येतील. कडूबाईचं म्हणशील तर शास्त्रीय लेखात खुरपणाऱ्या बाईचं नाव कसं घालायचं, तूच सांग.

जूनमध्ये मला लेक्चरर करायचं घाटतंय. आईला सांग, तिच्या प्रार्थनेला यश आलं.

तुझा,
याकोब

*

तिसगाव, ता. ३ एप्रिल १९४५

याकोब भिंगारदिवे यांस,

मिससाहेब काल नगरहून आल्या. मोठ्या हौसेनं त्यांनी अंक माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, तुझ्या भावाचा लेख, तिसगावचा उल्लेख आहे, वाच. सगळ्या मास्तरणी भोवती होत्या. बोर्डिंगची स्वयंपाकीण बनुबाई चुलीवरची आमटी सोडून आली. मी नाव शोधलं. वर शोधलं, खाली शोधलं, आभाराच्या ओळीत शोधलं. आभार कॉलेजच्या प्रमुखांचे आहेत, कारकुनाचे आहेत. स्पिरिटच्या बाटल्या देणाऱ्याचेसुद्धा आहेत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बनुबाई विचारत होती, "बाई, तुमचं नाव कुठं हाय, आमाला दावा की." काय दावू तिला? मी म्हटलं, पान चिकटलंय.

"मी काचेच्या घरट्यात पाहिले." तू पाहिलंस? ती काच आपल्या बाबांच्या तसबिरीची होती. तू तिला हात तरी लावलायस का? "माझ्या मते परजीवीचा उगम यजमानाच्याच कुळातून झाला असावा." तुझ्या मते! माझी वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत गेलीत, निवडुंगसुद्धा आहे, बाजरीची कुसळंसुद्धा आहेत. एवढं सगळं तिसगावहून पुण्याला पोचलं, वाटेत एकटी मीच गळाले!

आईला सांगितलं. ती म्हणाली, "भावाचं नाव काय आन् तुझं काय, एकच घर हाय." संध्याकाळी तिनं भाकरी वाढली ती मी खाल्ली. एकच घर आहे म्हणूनच हे मला जास्त लागलंय, हे तिला कसं समजावू?

तुला बांडगूळ म्हणावं असं मनात आलं होतं. नाही म्हणत. मुंगीचा अपमान होईल. तिचे जबडे पिढ्यान्‌पिढ्या झिजलेत, तिला स्वतःच्या तोंडानं खाताच येत नाही, तिला दुसरा रस्ताच उरलेला नाही. तुझे दोन्ही हात धड आहेत. तुला पाठीशी घर होतं, कॉलेज होतं, सूक्ष्मदर्शक होतं. तुला खणता आलं असतं.

जूनची मुदत तुला ठाऊक होती. "तुझं आधी" असं तू लिहिलं होतंस. का केलंस, एवढंच सांग. सरळ सांग. तुझ्या वळणदार वाक्यांचा मला वीट आलाय.

मरिया

*

पुणे, ता. १२ एप्रिल १९४५

प्रिय ताईस,

सलाम. तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. तू समजतेस तसं काहीही नाही.

लढाईमुळे कागदावर सरकारचा ताबा आहे. अंकाची पानं निम्म्यावर आलीत, एकेक ओळ छाटावी लागते. प्रमुखांचं म्हणणं पडलं की जिला कुणी ओळखत नाही अशा प्राथमिक शिक्षिकेचं नाव वर असेल तर संपादक लेख वाचल्याशिवाय परत करतील. त्यांचं मन मोडून मी काय करणार होतो? नोकरी त्यांच्या हातात आहे. मी लेक्चरर झालो तर तुम्हा दोघींना पुण्यालाच आणणार आहे. तुझ्यासाठीच चाललंय हे. तुझं आणि माझं असं वेगळं मी कधी मानलंच नाही.

पुढच्या लेखात तुझं नाव नक्की. शपथेवर सांगतो.

तुझा,
याकोब

*

पुणे, ता. २४ मे १९४५

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आईच्या पत्रावरून कळलं की तू खडखडीत आहेस आणि रोज कडूबाईबरोबर मातीत आहेस. ताई, राग बाजूला ठेव आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी मोठ्या अडचणीत आहे.

मुंग्यांवर जन्म घालवलेले कलकत्त्याचे एक वृद्ध शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी संपादकांना लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, ज्या परजीवीला स्वतःचे कामकरी नसतात ती यजमान राणीला सहसा जिवंत ठेवते, मग इथं मुंडकं कसं तुटलं? नात्याच्या मुद्द्याची त्यांनी वाखाणणी केली आहे, पण मुंडक्यावर त्यांचा विश्वास नाही. मूळ वही आणि ती तुटलेली राणी त्यांनी मागितली आहे. प्रमुखांनी मला खोलीत बोलावून विचारलं. जूनची नेमणूक त्यांनी थांबवून धरली आहे.

यातून वाट एकच आहे. मी संपादकांसाठी खुलासा तयार केला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यात असं म्हटलं आहे की, "डोके तुटल्याची नोंद लेखकाची स्वतःची नसून ती तिसगाव येथील एक स्थानिक शिक्षिका कु. मरिया भिंगारदिवे यांनी पुरवली होती. शास्त्रीय पद्धतीचा सराव नसल्याने त्यांच्याकडून चूक झाली." तू खाली सही करून पाठव. खोटं काहीच नाही त्यात, चूक तुझीच होती, तूच मला लिहिलं होतंस. आणि यात तुझं नाव छापूनही येईल. तुला तेच हवं होतं ना?

मूळ वहीचं तेवढंच एक पान फाडून पाठव. बाकीची वही पाठवायची गरज नाही.

उलटटपाली उत्तर दे. आईची शपथ आहे तुला.

तुझाच,
याकोब

*

तिसगाव, ता. २ जून १९४५

याकोब,

तुझा खुलासा दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसले, इतकं की आई बाहेर आली. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा घडी घालून पेटीत टाकला. चार दिवस उत्तराला बसले नाही.

शोध लागला तेव्हा कागद कमी पडला. चूक निघाली तेव्हा कागद बरा सापडला! माझं नाव वर घातलं तर लेख परत येईल, आणि तेच नाव चुकीखाली घातलं तर नोकरी परत येईल. मला हवं होतं तेच देतोस म्हणे. लाज तरी वाटली का रे लिहिताना? एक क्षण तरी हात थांबला का?

सही केलेली नाही. पानही फाडलेलं नाही. तुझा कागद परत पाठवतेय, पाठकोरा आहे, तुला कामी येईल.

मी स्वतः संपादकांना लिहिलं. मिससाहेबांनी इंग्रजी तपासलं, पण एक वाक्यही बदलावं लागलं नाही. त्याचा मजकूर तुला कळावा म्हणून मराठीत देते:

"आपल्या अंकातील लेखात वर्णन केलेली सर्व निरीक्षणे मी तिसगाव येथे ऑक्टोबर १९४२ ते नोव्हेंबर १९४४ या काळात केली आहेत. मूळ वह्या माझ्याजवळ आहेत. त्यांतील एक निरीक्षण चुकीचे आहे. यजमान राणीचे डोके परजीवीने तोडलेले नाही, ते माझ्या खुरप्याने तुटले, कारण मी वरून खणत होते. शेतात खुरपणी करणाऱ्या कडूबाई यांनी घाव पाहून ही चूक ओळखली आणि बाजूने खणण्याची रीत दाखवली. त्यानंतर परजीवी असलेल्या एकोणीस बिळांत यजमान राणी जिवंत आढळली. ही चूक सर्वस्वी माझी आहे. ती करणारी व्यक्ती आणि बाकीचे निरीक्षण करणारी व्यक्ती एकच आहे, हे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून लिहीत आहे."

कलकत्त्याच्या साहेबांनाही लिहिलंय. वही हवी तर इथं येऊन बघा, राणी काड्यापेटीत आहे, आणि बिळं कडूबाई खणून दाखवील. तिला सांगितलं तर म्हणाली, "येऊ द्या की. त्यांच्याबी हातात खुरपं देते."

अर्ज गेला. त्याला तुझा लेख जोडला आणि माझं हे पत्र जोडलं. मिशनच्या मंडळाला काय वाटायचं ते वाटो. यंदा नाही तर पुढच्या वर्षी परत करीन.

तुझं फेब्रुवारीचं पत्र, तिसगावच्या निवडुंगात कोण खणायला येणार आहे ते, मी कुणालाही पाठवलेलं नाही. जोडलं असतं तर तू संपला असतास. पाकिटात घातलं होतं, मग काढलं. आईनं सांगितलं म्हणून नाही. तिला मी खुलासा वाचून दाखवला होता. ऐकून ती उठली, तुझी तसबीर भिंतीवरून काढली, पदरानं पुसली आणि परत लावली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझं खुरपं कुठं हाय? बोथट झालंय, धार लावून आनते." इतक्या वर्षांत तिनं माझ्या खणण्याबद्दल बोललेलं हे पहिलं धड वाक्य. तेव्हा मी ते पत्र काढून घेतलं. ते पेटीत आहे आणि पेटीतच राहील. तुझ्या नोकरीचं काय व्हायचं ते तू खरं बोलतोस की नाही त्यावर आहे, माझ्यावर नाही.

तू लहान होतास तेव्हा माझ्या पाटीवरचं गणित तुझ्या पाटीवर उतरवून माझं पुसायचास आणि मास्तरांची शाबासकी घ्यायचास. मला हसू यायचं. वाटायचं, आपलाच आहे. माझं कॉलेज दिलं, बाबांचं घड्याळ दिलं, दोन वर्षांची वही दिली. पुष्कळ दिलं, न मागता दिलं, आणि आपलाच आहे म्हणून कधी वास घेऊन बघितलं नाही.

पण ही चूक मी केली आहे. माझ्या हातानं, माझ्या खुरप्यानं, माझ्या बिळात. ती तुला देणार नाही.

मरिया योहान भिंगारदिवे